पैठण रस्त्यावरच्या पेशी

१३ मे २०२५, मंगळवार

प्रयोगवहीच्या दर पानावर काकडे सरांची सही लागते, त्यामुळं तिथं खरं काही लिहिता येत नाही. म्हणून ही दुसरी वही. हिच्यावर सही कुणाचीच नको.

आज अँटिबॉडी आली. बंगळुरूहून निघाली तेव्हा बर्फात होती म्हणे. इथं खोका उघडला तर बर्फाच्या पिशव्या गार पाण्याच्या झाल्या होत्या. आत बोटाच्या पेराएवढी कुपी आणि तळाशी चार थेंब. किंमत आईला सांगितलेली नाही.

आईनं काल शेजारच्या मंजुषाकाकूंना सांगितलं, आमची विशाखा अँटिबायोटिक बनवती. तेव्हा इथं एकदा नीट लिहून ठेवते. पेशीवर ताण आला, म्हणजे ती तापली, बिघडली, कर्करोगाच्या वाटेला लागली, की ती अंगावर एक प्रथिन काढून दाखवते. त्याचं नाव माइका. ते दिसलं की शरीरातल्या मारेकरी पेशी येऊन तिचा निकाल लावतात. ही अँटिबॉडी त्या प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि तिला एक चमकणारा रंग जोडलेला असतो. मशीनमध्ये पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. चमकली तर ताण आहे, नाही चमकली तर मजेत आहे. एवढं समजायला मला सहा वर्षं लागली, सरकारची फेलोशिप खाऊन.

सरांनी दोन वर्षांपूर्वी एका संशोधन-मासिकात पेपर छापून जगाला सांगितलं की सीताफळाच्या बियांचा अर्क घातला की कर्करोगाच्या पेशी हे प्रथिन धडाधड बाहेर काढतात आणि मारेकऱ्यांच्या हाती सापडतात. प्रयोग केला माझी सिनियर मोनिकानं, फोटो आला सरांचा, हातात सीताफळ घेऊन. मथळा होता, 'आता कर्करोगाची खैर नाही'. ते कात्रण लॅमिनेट करून विभागाच्या दारावर लावलंय. मोनिका आता हैदराबादला नोकरी करते आणि सीताफळाचं नाव काढत नाही.

मला तोच प्रयोग पुन्हा करायचाय, एक आलेख काढायचाय आणि प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात टाकायचाय. तीस जूनला मुदत संपते. ही तिसरी मुदतवाढ. चौथी द्यायची पद्धत नाही, असं कारकुनानं मला फार प्रेमानं सांगितलंय.

१५ मे, गुरुवार

आमच्या विभागात ते मशीन नाही. मशीनसाठी बांधलेली खोली आहे, तिच्यात मोडक्या खुर्च्या राहतात. मशीन आहे चितेगावला, एका खासगी संशोधन संस्थेत. तिथला नियम असा की रंगवलेल्या पेशी बाहेरून आणायच्या नाहीत, रंगवायचं ते तिथंच. म्हणजे जिवंत पेशी बाटल्यांत भरून न्यायच्या. गाडी कडुबामामांची. मामा आमचे शिपाई, राहणार मिटमिटा. त्यांची मोटरसायकल सरांच्या पेपरापेक्षा जास्त जुनी आणि जास्त भरवशाची आहे. मागं मी, मांडीवर थर्मोकोलचा डबा, आणि पैठण रस्ता नेहमीसारखा खोदलेला.

दहाची वेळ होती. पोचलो तर आत आधीच्यांचं चाललेलं. बाहेरच्यांचं साहित्य वेळेआधी आत नेता येत नाही, असा आणखी एक नियम. मग डबा वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलावर. वर पत्रा, आत एक पंखा आणि पंख्याचं तोंड वॉचमनकडं. मी उसाचा रस पिऊन आले, पुन्हा जाऊन पुन्हा पिऊन आले. मामांनी वॉचमनचं सगळं खानदान विचारून घेतलं. सव्वातीनला आत घेतलं.

तीन बाटल्या होत्या. एकीत काही न केलेल्या पेशी, म्हणजे कंट्रोल, हिनं चमकायचं नाही. दुसरीत अर्क घातलेला. तिसरी सकाळी मुद्दाम बेचाळीस अंशांवर तापवून काढलेली, हिनं चमकायलाच पाहिजे. तिन्ही चमकल्या. एकसारख्या, अगदी लग्नातल्या रोषणाईसारख्या. मशीन चालवणारा अभय म्हणाला, तुमच्याकडं सगळ्यांनाच टेन्शन दिसतंय. माझ्याच वयाचा आहे आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसतो.

अँटिबॉडी खराब आहे. जे दिसेल त्याला चिकटती.

२२ मे, गुरुवार

पुन्हा चितेगाव, पुन्हा वॉचमन, पुन्हा तिन्ही चमकल्या. उन्हानं माझ्या हातांची कातडी निघाली.

कंपनीला पत्र लिहिलं. लिहिलं की आपली अँटिबॉडी फारच मनमिळाऊ आहे, कुणालाही नाही म्हणत नाही. तिकडून लगेच उत्तर आलं, पेशींची वाहतूक कशी करता, किती वेळ, किती तापमानात? बघा म्हणजे. माल यांचा खराब आणि चौकशी माझ्या डब्याची. मी लिहिलं, आमच्या पेशी ठणठणीत असतात, आपण कुपी बदलून द्या.

मामा आज प्रयोगशाळेत आले आणि बियांच्या पुडीची बरणी दाखवून म्हणाले, ही उरलेली नेऊ का. गावाकडं बायका उवांसाठी ही पूड डोक्याला लावतात, ते मला माहीतय. मामांना टक्कल आहे. नातीसाठी नेत असतील म्हणून मी काही बोलले नाही. मग विचारू लागले, आपण पेशींना किती देतो, दुधात की पाण्यात. मी म्हटलं, मामा, पेशी दूध पीत नाहीत. ते हसले नाहीत.

३० मे, शुक्रवार

नवी कुपी आली. चितेगाव. दहाची वेळ, तीनला आत. तिन्ही चमकल्या.

सरांसमोर आलेख ठेवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आलेख तसाच होता. मग म्हणाले, अर्काचं तर बरोबर आलंय. मी म्हटलं, सर, कंट्रोलचंही तेवढंच आलंय. ते म्हणाले, कंट्रोलवर एवढं अडून बसायचं कारण नाही, मोनिकाचा कंट्रोल आहे ना, पेशी त्याच, मशीन तेच, तोच वापर. तीस जून सांभाळ. आलेखाशिवाय मी सही करणार नाही, आणि सहीशिवाय तू काही करू शकणार नाहीस.

बोलताना वाईट नव्हते. अर्धा कप चहासुद्धा विचारला.

घरी येऊन मोनिकाचा कंट्रोल माझ्या आलेखाशेजारी लावून बघितला. इतका सुंदर दिसतो की लाज वाटली पाहिजे. थोडी वाटली. मग जेवले.

३ जून, मंगळवार

मोनिकाला फोन केला, म्हटलं तुझा कंट्रोल एवढा शांत कसा काय. तिला चांगलं आठवत होतं. डिसेंबरचा दिवस. मामांच्या गाडीवर दोघंही थंडीनं काकडत गेली. तिकडं नाताळची सुट्टी, चिटपाखरू नाही, पोचल्या पोचल्या आत घेतलं. त्या दिवशी कंट्रोल तेवढा झाला. त्यानंतर मशीनचा लेझर गेला, तो नीट व्हायला चार महिने. अर्काच्या पेशी मग मे महिन्यात नेल्या. कंट्रोल पुन्हा नेला नव्हता, सर म्हणाले एकदा झालाय ना.

काही माणसांचं नशीबच चांगलं असतं. मोनिका पहिल्यापासून तशी.

मामा दोन दिवस आले नाहीत. विचारलं तर म्हणाले, घरी जरा अडचण हाय. लग्नसराई आहे, मेव्हणे भरपूर आहेत, अडचणींना काय तोटा. चहा मीच केला, तर सर म्हणाले मामांच्या हाताची चव नाही.

पाचव्या प्रकरणात मोनिकाचा कंट्रोल लावून टाकलाय. अजून छापायला दिलेलं नाही.

१० जून, मंगळवार

सकाळी साडेसहाला अभयचा फोन. कुणीतरी आलं नाही, आठची वेळ रिकामी आहे, येते का. बाटल्या तयारच होत्या. मामा हाकेच्या अंतरावर असल्यासारखे पंधरा मिनिटांत आले. आठ वाजता थेट आत. वॉचमनला वाईट वाटलं असेल.

आणि कंट्रोल शांत. अंधार नुसता. तापवलेली बाटली झगमग. मी अभयच्या समोर टाळ्या वाजवल्या, एवढं आत्ताच लिहून मोकळी होते.

मग अर्काची बाटली लावली. अंधार.

पुन्हा लावली. तिसऱ्यांदा अभय म्हणाला, पेशी तेवढ्याच आहेत, बघून बघून वाढणार नाहीत. अर्कानं काहीही झालेलं नव्हतं.

आज डबा पत्र्याखाली थांबला नाही, एवढाच फरक. कंपनीचं ते पत्र पुन्हा काढून वाचलं. पेशींची वाहतूक कशी करता, किती वेळ, किती तापमानात. मी त्यांना शहाणपणा शिकवला होता. एक महिना ती बिचारी अँटिबॉडी खरं सांगत होती आणि मी तिला खोटारडी ठरवत होते.

१२ जून, गुरुवार

आज फक्त कंट्रोलच्या दोन बाटल्या नेल्या. काही न केलेल्या, एकाच दिवशी वाढवलेल्या. अभयनं नियम मोडून एक बाटली सकाळीच आत घेतली. दुसरी डब्यात, डब्यात तापमापक, डबा वॉचमनच्या टेबलावर. तीन वाजता तापमापक एकेचाळीस दाखवत होता. आतली बाटली शांत, बाहेरची झगमग.

म्हणजे सरांचा अर्क, मोनिकाचा पेपर, दारावरचं कात्रण, हे सगळं मे महिन्यातलं ऊन होतं. डिसेंबरचा कंट्रोल आणि मे महिन्याचा अर्क. सीताफळाचा यात काहीच हात नाही.

मी भलतीच खुशीत होते. परत येताना मागं बसून मामांना सगळं सांगितलं, ओरडून, कारण वारा होता. हसतहसत सांगितलं. मामांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"म्हंजी ताई, बियांनी काहीच होत नाय?"

मी म्हटलं, काही नाही मामा, ते ऊन होतं.

मामा गाडीवरून उतरले आणि रस्त्याच्या कडेला मुरमावर उकिडवे बसले. मग बोलले. त्यांच्या बायकोला, केसरबाईला, छातीत गाठ आहे. दवाखान्यात औषधाचा एक डोस दिला, केस गेले, उलट्या झाल्या, तिनं दुसऱ्याला यायचं नाही म्हटलं. मामांना दारावरचं कात्रण पाठ. सात महिने झाले, रोज सकाळी स्वतः पूड कुटून चमचाभर दुधातून देतात. तिच्या पोटात आग पडते, उलट्या होतात. मामांना वाटायचं औषध लागू पडतंय.

मी या माणसाच्या टकलावर विनोद लिहिलाय, वर तीन आठवड्यांपूर्वी. खोडणार नाही. राहू दे तसाच.

मी म्हटलं, मामा, आजपासून बंद करा, उद्याच दवाखान्यात चला, मी येते. मामा समजूत काढल्यासारखं म्हणाले, "तुमी आजून शिकून राहिले ताई. सरांचं छापून आलंय, फोटोसकट."

१३ जून, शुक्रवार

केबिनचं दार लावून सरांना दोन्ही आलेख दाखवले. तारखा दाखवल्या. तापमापकाचा फोटो दाखवला. सर हुशार आहेत, हे मी कधी नाकारलं नाही. अर्ध्या मिनिटात त्यांना कळलं, आणि कळलंय हे मला दिसू नये म्हणून पुढचा अर्धा तास बोलत राहिले. निष्कर्षांना मर्यादा असतात. अधिक संशोधनाची गरज असते. हे स्वतंत्र पेपरात सविस्तर बघू, पुढच्या वर्षी.

मी केसरबाईचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. मामा त्यांच्याकडं वीस वर्षं आहेत.

मग मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. मी सौदा केला. म्हटलं, सर, माझ्या प्रबंधात मोनिकाचा कंट्रोल राहू दे, मी एक अक्षर लिहिणार नाही. फक्त तुम्ही मामांना बोलावून सांगा की बिया बंद करा. ते माझं ऐकत नाहीत. तुम्ही म्हटलं तर विहिरीत उडी मारतील.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, सोमवारी पाठव त्याला.

आईला रात्री सांगितलं. आईनं पोळी उलटली आणि विचारलं, "मग ते खोटं तुझ्या नावावर छापणार का?" मी म्हटलं, आई, एका बाईचा जीव आहे. आई म्हणाली, तो आहेच, मी दुसरं विचारलं. सहा वर्षं घरात सगळ्यांनी माझ्या डॉक्टर होण्याची वाट बघितली, आणि आता आईच असं विचारती.

१६ जून, सोमवार

मामा केबिनमध्ये हात बांधून उभे राहिले. सरांनी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. सर पंधरा मिनिटं बोलले. पेशी म्हणजे काय, प्रयोगशाळेतली पेशी आणि माणूस यात काय फरक, निष्कर्ष कसे तपासतात. चूक हा शब्द त्यांनी मोठ्या कौशल्यानं टाळला. मामा दर वाक्याला व्हय सर म्हणत होते. शेवटी सर म्हणाले, तेव्हा कडुबा, त्या बिया आता थांबव.

मामांनी विचारलं, "मंग ताईच्या पुस्तकात तसं लिवलंय का, सर?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं. लिहायचं नाही हाच तर सौदा होता.

"लिवलं नाय म्हंजी पक्कं नाय," मामा म्हणाले. रागानं नाही, अगदी साधं. आम्ही दोघं त्यांच्या भल्यासाठी काहीतरी सांगतोय, हे त्यांनी समजून घेतलं होतं. मग छापलेलं आहे ते पक्कं, असं म्हणून निघायला लागले.

सर म्हणाले, थांब. विभागाचा छापील कागद ओढला आणि मराठीत लिहायला लागले. मराठीत लिहायची सवय गेलेली, दोनदा खाडाखोड, मग दुसरा कागद. 'सीताफळाच्या बियांमुळे कर्करोग बरा होतो असे आमच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले नाही. पूर्वी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष चुकीचा होता. बिया पोटात घेऊ नयेत. दवाखान्यातील उपचार त्वरित सुरू करावेत.' खाली पूर्ण सही, पदव्यांसकट.

मामांनी कागद घेतला, खिडकीशी नेला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. 'चुकीचा होता' इथं बोट थांबलं. मग परत आले.

"शिक्का, सर."

विभागाचा शिक्का मामांच्याच ताब्यात असतो. त्यांनी स्वतः कपाट उघडलं, शिक्का आणि पॅड आणून टेबलावर ठेवलं. सरांनी शिक्का मारला. पहिला पुसट आला. मामांनी कागद पुन्हा पुढं सरकवला, सरांनी दुसरा मारला. मामांनी तो फुंकून वाळवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. उद्याची अर्धी सुट्टी मागितली. सर म्हणाले, हवी तेवढी घे.

मामा गेल्यावर आम्ही दोघं तसेच बसलो. सरांचं बोट शाईनं निळं झालं होतं. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, पण आला नाही, याचाच राग आला. मग ते म्हणाले, पाचवं प्रकरण बदल. मी विचारलं, कसं. म्हणाले, जसं झालं तसं लिही, मी सही करतो.

आईला सांगितलं. आई म्हणाली, बरं झालं. आणि भाजी वाढली.

२४ जून, मंगळवार

प्रबंध शनिवारी छापायला दिला. पाचव्या प्रकरणात अर्कानं काही होत नाही हे लिहिलंय, आणि डबा, पत्रा, तापमापक हे सगळं शास्त्रीय भाषेत, म्हणजे कुणाला कळू नये असं लिहिलंय. पेपर छापणाऱ्या त्या मासिकाला सरांनी चूक कळवणारं पत्र पाठवलं का, ठाऊक नाही. विचारायची हिंमत होत नाही. परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत.

आज मामांबरोबर दवाखान्यात गेले. सतराला नोंदणी झाली होती, तपासण्यांत आठवडा गेला, आज डॉक्टरांनी बोलावलं होतं. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्याहून लहान. जुनी फाइल बघून मामांवर चिडली. सात महिने कुठं होता, गाठ दुपटीनं वाढलीय. मामांनी पिशवीतून कागद काढून दिला. तिनं एकदा वाचला, मग पुन्हा वाचला आणि विचारलं, हे कुणी लिहून दिलं.

"आमचे सर. लई मोठे हाईत," मामा म्हणाले. "त्यायनं सांगितलं म्हणून तर आणलं हिला."

डॉक्टरीण माझ्याकडं बघत राहिली. तिनं सांगितलं की उशीर झालाय पण करून बघू, गुरुवारी नव्यानं पहिला डोस. किती उशीर, ते मी विचारलं आणि तिनं मलाच बाजूला घेऊन सांगितलं. इथं लिहीत नाही.

मामा औषधं आणायला खाली गेले. मी केसरबाईशेजारी बाकावर बसले. बाई बारकी, डोक्यावर घट्ट पदर, हात अजून कामाचे. मला काहीतरी बोलायलाच पाहिजे होतं म्हणून म्हटलं, मावशी, आमच्या विभागामुळं तुम्हाला नाहक त्या बिया खाव्या लागल्या, मला माफ करा.

ती जिन्याकडं बघत होती, मामा येतात का ते.

"मला पैल्या म्हैन्यातच कळलं होतं, पोरी," ती म्हणाली. "गाठ माझ्या अंगावर हाय, वाढती का घटती मला नाय कळणार? पर ह्ये रोज पहाटं उठून कुटायचे. दूध आपल्या हातानं तापवायचे. जलमात चुलीपुढं बसले नव्हते. नको कसं म्हणू?"

मामा जिन्यावर दिसले, हातात औषधांची पिशवी, धापा टाकत. केसरबाईनं माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू नको."